ओव्यांच्या पुस्तकाचं ईबुक करायचं, पण फाइल कोणती? गंगाखेडकडचं एक प्रकरण

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात एक रिटायर गुरुजी आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी गेली, आणि बदली होईल त्या गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या आणि वहीत उतरवून घ्यायच्या हे काम त्यांनी कधी सोडलं नाही. पुढं त्याचं पुस्तक निघालं, परभणीतल्या एका प्रेसमधून, वन एट डेमी साइज, सव्वादोनशे पानं, 1200 च्या आसपास ओव्या, प्रत्येकीखाली सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. प्रती कधीच संपल्या. आता मागणी परत सुरू झालीय ती फोनवरून, गावच्या लेकी कोणी पुण्यात कोणी संभाजीनगरला, काही घरं सहा-सहा महिने ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, आणि आपल्या आईच्या, आजीच्या ओव्या यांना पाहिजेत. गुरुजींची मागणी एका वाक्याची होती, "आमच्या बायांला मोबाइलवर वाचता आलं पाहिजे अन् पैसे लागायला नको."

हे सगळं सविस्तर लिहायलोय कारण असं काम आता गावोगाव निघायलंय. कोणाकडं आजोबांच्या वह्या आहेत, कोणाकडं गावाचा इतिहास, कोणाकडं भजनी मंडळाचा संग्रह, आणि प्रत्येकजण पहिला प्रश्न हाच विचारतो की पीडीएफ करू का ईपब करू. पीडीएफ म्हणजे पान छापलं तसंच पक्कं ठेवणारी फाइल, ईपब म्हणजे खास ईबुकसाठीची फाइल. ह्याचं एका शब्दात उत्तर देणारे भरपूर भेटतात. माझं म्हणणं असंय की इथं दोन वेगळे निर्णय आहेत, आपल्याकडं जपून कोणती फाइल ठेवायची हा एक आणि लोकांच्या हातात कोणती द्यायची हा दुसरा, आणि ते एकत्र केले की गोंधळ होतो.

हातात काय होतं

छापील पुस्तकाची एक प्रत, प्रेसनं दिलेली एक सीडी, त्यात पेजमेकरची (प्रेसमध्ये पानं मांडायचा जुना प्रोग्राम) फाइल आणि एक पीडीएफ. पीडीएफ बघून घरच्यांना वाटलं की झालं की काम, ईबुक तर तयारच आहे, ग्रुपवर टाकून द्यायचं. म्हणून आधी ती पीडीएफच तपासली.

तपासायची पद्धत अगदी सोपी आहे आणि कोणालाही घरी करता येते. फाइल उघडायची, त्यात नक्की असलेला एखादा शब्द शोधायचा. आम्ही "गोदावरी" शोधला, पानोपानी गोदावरी आहे, तरी एकही सापडली नाही. मग एक ओवी सिलेक्ट करून दुसरीकडं पेस्ट केली तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला आला. ह्याचं कारण जुना फॉन्ट. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवायचे, डोळ्याला "ग" दिसतो पण कॉम्प्युटरच्या लेखी तिथं भलतंच चिन्ह असतं. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना पक्के नंबर देणारी जागतिक पद्धत, तिच्यात तसं नाही, तिथं देवनागरीला स्वतःच्या 128 जागा आहेत, 0900 पासून 097एफ पर्यंत, "ग" हा जगातल्या कुठल्याही फोनवर "ग"च असतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0, ती 2001 सालची, आणि त्याला युनिकोड येतच नाही. म्हणजे मराठवाड्यात त्या काळात पेजमेकरवर जितकी पुस्तकं, स्मरणिका, गौरवग्रंथ झाले ते सगळे आज ह्याच अवस्थेत सीडीवर पडलेत. मला ही गोष्ट फार लागते, कारण सीडी वाचणारे ड्राइव्ह पण आता कॉम्प्युटरला राहिलेले नाहीत.

दुसरी अडचण पानाच्या साइजची. डेमीचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचाचं, फोनची स्क्रीन आडवी जेमतेम तीन इंच भरते. पूर्ण पान दिसू दिलं तर अक्षर मुंगीएवढं, मोठं केलं तर ओळ स्क्रीनच्या बाहेर. ओवीत तर यमक ओळीच्या शेवटी असतं, म्हणजे नेमकं तेच कापलं जातं आणि प्रत्येक ओळीला बोटानं पान डावीकडं-उजवीकडं सरकवत बसायचं. साठीच्या बाईनं असं 1200 ओव्या वाचाव्यात ही अपेक्षा ठेवणंच चूक आहे.

कोणकोणते पर्याय बघितले

वर्डची फाइल लगेच बाजूला ठेवली. समोरच्याच्या फोनवर फॉन्ट नसला की ओळी हलतात, आणि वाचता वाचता चुकून कोणाचं बोट लागून शब्दच बदलला जाऊ शकतो.

पानांचे फोटो काढून त्याची पीडीएफ करा असं पण कोणीतरी सुचवलं. मूळ प्रत कशी दिसायची हे जपायला ते चांगलंच आहे आणि आम्ही एक स्कॅन करून ठेवलाय, पण वाचायला ती फाइल जड, शोधता येत नाही, आणि ज्यांची नजर गेलीय त्यांना फोन ती वाचून दाखवू शकत नाही.

मोबी आणि एझेडडब्ल्यू3 हे किंडलचे, म्हणजे अमेझॉनच्या ईबुक वाचायच्या यंत्राचे फॉरमॅट. मोबी ही मोबीपॉकेट नावाच्या फ्रेंच कंपनीची, ती अमेझॉननं 2005 ला विकत घेतली आणि 2007 ला किंडल आलं. आज नवीन मोबी करायचं काही कारण राहिलं नाही, 2022 पासून सेंड टू किंडल ह्या फाइल पाठवायच्या सोयीनं सरळ ईपब पाठवता येते. शिवाय ह्या वाचकांत किंडल कोणाकडंय?

उरलं ईपब. ही एका कोणा कंपनीची मालमत्ता नाही, खुलं स्टँडर्ड आहे. आधी आयडीपीएफ ही संस्था ते सांभाळायची, 2017 ला ती डब्ल्यू3सी मध्ये मिसळली, म्हणजे जी संस्था वेबपेजचे नियम ठरवते तिच्याकडंच आता हे आहे, आणि 2023 ला ईपब 3.3 आलं. आत काय असतं हे बघायचं तर ईपब फाइलची एक कॉपी काढून नावाच्या शेवटचं ईपब खोडून झिप लिहा आणि उघडा. साधी वेबपेजेस, एक स्टाइलची फाइल, फोटो, फॉन्ट, पुस्तकाचं नाव-लेखक-भाषा लिहिलेली एक फाइल, अनुक्रमणिका, बस्स. मला ईपब आवडतं ते ह्याच्यासाठीच. उद्या सगळी ॲप्स बंद पडली तरी साध्या ब्राउझरमध्ये आतला मजकूर वाचता येईल. आणि स्क्रीन लहान असो मोठी असो, मजकूर तिच्या मापानं वाहतो, अक्षर मोठं केलं तर ओळी आपोआप परत जुळतात.

ईपबचाच एक प्रकार असतो ज्यात पान जसंच्या तसं पक्कं बांधलेलं असतं, लहान लेकरांच्या चित्रांच्या पुस्तकाला तो बरा. इथं तो घेतला असता तर पीडीएफचीच अडचण परत आली असती, म्हणून नाही घेतला.

मजकूर शुद्ध करणं, जिथं खरा वेळ गेला

फॉरमॅट ठरवायला एक संध्याकाळ पुरली, पुढचं काम लई मोठं निघालं. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात आणि ते बरंच काम करतात, पण ओव्यांच्या बाबतीत जे चुकतं ते नेमकं नाजूक जागी चुकतं.

सगळ्यात जास्त घोळ ऱ्य चा. "दळणाऱ्या", "वाऱ्यावर", "म्हाताऱ्या" हे शब्द ओव्यांत सारखे येतात, आणि कन्व्हर्टरनं त्यांचं "दळणार्या", "वार्यावर" करून ठेवलं, म्हणजे य च्या डोक्यावर रफार. कारण साधा र, हलंत आणि य असं लिहिलं की युनिकोडच्या नियमानं रफारच होतो, "सूर्य" मधल्यासारखा. आपल्याला पाहिजे तो अर्धा र आणायला नुक्ता असलेला ऱ वापरावा लागतो. दुसरी पण एक पद्धत आहे, मधी एक न दिसणारं जोडचिन्ह घालायचं, पण ते चिन्ह कॉपी-पेस्टमध्ये गळून जाऊ शकतं आणि दोन पद्धती एकाच पुस्तकात आल्या की शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत. म्हणून सगळीकडं एकच, नुक्तावाला ऱ, असं ठरवलं. असंच पहिल्या वेलांटीचं, कुठं कुठं ती अक्षराच्या अलीकडं सुटी पडली होती.

दुसरा धोका कन्व्हर्टरपेक्षा मोठा आणि तो माणसानं केलेला. आपल्याकडच्या ओवीत "मह्या", "म्या", "व्हता", "नगं", "अल्याड" असे शब्द असणारच. फोनच्या कीबोर्डला आणि स्पेलचेकला ते चूक वाटतात आणि ते तिथं पुस्तकी शब्द सुचवायलेत. टायपिंगला मदत करणाऱ्या कॉलेजच्या पोरांनी पण चांगल्या मनानं काही ठिकाणी "मह्या" चं "माझ्या" केलं होतं. गुरुजी त्याबाबतीत एकदम ठाम, "बाई जशी म्हणली तसंच पाहिजे." म्हणून स्पेलचेक बंद ठेवलं आणि प्रुफं बघायची पद्धत बदलली, गुरुजी मूळ वहीतून मोठ्यानं वाचणार, एकजण छापील पुस्तकात बोट ठेवणार, तिसरा स्क्रीनवर. वहीत एक, पुस्तकात दुसरं असं पण निघालं, तिथं वही धरली. गुरुजी म्हणले पैठणला नाथमहाराजांनी शके 1506 ला, म्हणजे 1584 ला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत केली ती पण जुन्या प्रती समोर ठेवूनच. फॉरमॅट कितीही चांगला घेतला तरी आतला शब्द बदललेला असेल तर त्या पुस्तकाला अर्थ नाही, हे त्या बैठकांत सगळ्यांनाच कळलं.

ओवी स्क्रीनवर बसवायची कशी

ह्या धाटणीची एक ओवी घ्या:

गंगाखेडाच्या बाजारी गोदा दुथडी भरली
मह्या बंधवाची गाडी अल्याडच थांबली

फोनवर अक्षर मोठं केलं की पहिली ओळ "गोदा दुथडी" पाशी संपते आणि "भरली" खाली जातं, दुसरीचं पण तसंच, आणि दोन ओळींची ओवी चार ओळींची होऊन बसते. वाचणारीला कळत नाही की ओळ कुठं सुरू झाली. ह्याला उपाय सीएसएस मध्ये, म्हणजे आतल्या स्टाइलच्या फाइलमध्ये आहे, प्रत्येक ओळ वेगळा परिच्छेद करायची, डावीकडं दीड अक्षराची जागा सोडायची आणि पहिल्या ओळीला तेवढीच उलटी मागं ओढायची. मग तुटलेला तुकडा आत सरकून दिसतो आणि नवी ओळ कडेपासून सुरू होते, डोळ्याला लगेच फरक कळतो. दोन्ही ओळी एका डब्यात ठेवून तो डबा पानाच्या शेवटी तुटू नये असं पण लिहिलं, नाहीतर यमकाचा अर्धा भाग पुढच्या पानावर जातो.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. दोन्ही कडा सरळ जुळवायच्या नाहीत, फोनच्या अरुंद ओळीत शब्दांमध्ये खिंडारं पडतात. अक्षरांमधलं अंतर कधीही वाढवायचं नाही, शिरोरेषा तुटते. दोन ओळींतलं अंतर दीडपट किंवा थोडं जास्त, कारण आपल्याला वर पण मात्रा आहेत आणि खाली पण उकार आहेत. भाषेच्या जागी "एमआर" (mr, मराठीची खूण) लिहायचं विसरायचं नाही, ते बघून फोनची वाचून दाखवणारी सोय मराठी आवाज निवडते आणि काही फॉन्ट ल आणि श चं मराठी वळण दाखवतात.

फॉन्ट टिरो देवनागरी मराठी घेतला. त्याचं लायसन खुलं आहे, पुस्तकात घालून वाटता येतो, आणि ल-श चं वळण छापील मराठी पुस्तकासारखं आहे, जे ह्या वाचकांच्या सवयीचं आहे. त्याच्यात ठळक अक्षर नाही, म्हणून प्रकरणांची नावं फक्त मोठी केली. जुना प्रेसवाला फॉन्ट पुस्तकात घालायचा विचार पण कोणी करू नये, तो एक तर युनिकोड नाही आणि विकतच्या फॉन्टला वाटायची परवानगी असेलच असं नसतं.

हे सगळं सिजिल नावाच्या प्रोग्रामात केलं, फुकट आहे आणि ईपब सरळ आतून दुरुस्त करता येते. शेवटी ईपबचेक नावाच्या प्रोग्रामातून फाइल काढली, तो नियमातल्या चुका ओळ नंबरासकट दाखवतो. झिप उघडून हातानं परत बांधणाऱ्यांसाठी एक सूचना, आतली माइमटाइप नावाची फाइल सगळ्यात आधी आणि न दाबता गेली पाहिजे, नाहीतर ईपबचेक तिथंच अडवतो.

गावात दिल्यावर

ईपब तयार झाली, गुरुजींच्या सुनेनं ती बायांच्या ग्रुपवर टाकली, आणि लगेच उत्तरं यायला लागली की उघडत नाही. फाइल चांगली होती. बऱ्याच फोनवर ईपब उघडणारं ॲप नव्हतं, आणि ज्यांच्यावर गूगलचं प्ले बुक्स ॲप होतं त्यांना अकाउंट, अपलोड ह्या पायऱ्या समजेनात. रीडएरासारखं ॲप टाकलं की काम होतं, सुनेनं शेजारच्या काही जणींना टाकून पण दिलं, पण कोल्हापूरकडं फडावर असलेल्या बाईला फोनवरून ॲप टाकायला सांगणं अवघड. डेटा मोजून वापरणाऱ्याला "आधी हे डाउनलोड कर" म्हणणं म्हणजे अर्ध्या लोकांना दारातूनच परत पाठवणं. पीडीएफ मात्र बहुतेक फोनवर बोट लावलं की उघडते.

इथं ईपबवाले मित्र सांगतात की लोकांना शिकवा. मला ते पटत नाही. पुस्तक ज्यांचं आहे त्यांच्या सोयीनं फाइल जायला पाहिजे.

म्हणून त्याच ईपबमधून कॅलिबर ह्या ईबुकचे फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रामनं एक पीडीएफ काढली, पण डेमीच्या मापाची नाही, फोनच्या मापाची. कॅलिबरमध्ये पीडीएफच्या सेटिंगमध्ये पानाचं माप स्वतः देता येतं, आम्ही 9 बाय 16 सेंटिमीटर दिलं, कडेची जागा अगदी कमी, अक्षर मोठं. एका स्क्रीनला एक पान, झूम करायचं काम नाही, फक्त वर सरकवायचं. पानं खूप वाढली पण कागद लागत नाही तर वाढू द्या की. ती फाइल गेली आणि दुसऱ्या दिवशीपासून आवाजी मेसेज यायला लागले, कोणी ओवी म्हणून दाखवायलंय, कोणी सांगायलंय की ह्याची पुढची ओळ आमच्याकडं वेगळी आहे.

ह्या पीडीएफची मर्यादा पण सांगतो. मजकूर युनिकोड असला तरी पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की वेलांट्या इकडं-तिकडं होतात, "किती" मधली वेलांटी सुटून पुढं येते, कारण पीडीएफ अक्षरापेक्षा आकार कुठं छापायचा हे जास्त सांभाळते. म्हणून पीडीएफ ही वाटायची फाइल, तिच्यातून परत मजकूर काढायची वेळ आपल्यावर येऊ नये. दुरुस्ती नेहमी ईपबमध्ये, आणि तिच्यातून पीडीएफ नव्यानं काढायची. गावातल्या एका मुलाला दिसत नाही, तो टॉकबॅक ही फोनची स्क्रीन वाचून दाखवणारी सोय वापरतो, त्याला ईपबच दिली आणि त्याला ती जास्त सोयीची पडते.

आवाज पुस्तकातच घालायचा विषय पण निघाला होता. ईपब 3 मध्ये आवाज आणि मजकूर एकमेकांना बांधायची सोय आहे, ओवी वाजते तसा शब्द रंगतो, ऐकायला फार छान वाटतं. पण ती चालवणारी ॲप्स थोडी आणि ह्या वाचकांच्या फोनवर तर नाहीतच. म्हणून रेकॉर्डिंग वेगळ्या फाइली म्हणून ठेवलेत, फाइलच्या नावात ओवीचा नंबर आहे, आज ना उद्या जोडता येतील.

परवानगीचं काम मात्र वाटायच्या आधी केलं आणि ते तसंच करायला पाहिजे. पुस्तक छापताना बायांनी हो म्हणलं होतं, पण पाचशे प्रती वेगळ्या आणि फोनवरून कुठंही जाणारी फाइल वेगळी. ज्या आहेत त्यांना परत विचारलं, ज्या गेल्या त्यांच्या लेकींना. नाव नको, गाव चालेल असं म्हणणाऱ्या पण निघाल्या, सासरच्या छळाच्या ओव्या आहेत, अजून माणसं हयात आहेत, त्यांचं बरोबरच आहे. मास्टर फाइल, म्हणजे जपून ठेवलेली मूळ ईपब, एक असल्यामुळं नाव एका जागी काढलं की पुढची पीडीएफ तशीच येते. ग्रुपवर एकदा गेलेली फाइल मात्र कोणाच्या हातानं परत येत नाही.

सध्या असं ठेवलंय: ईपब ही मास्टर, तिच्या कॉपी गुरुजींच्या घरच्या पेनड्राइव्हवर, मुलाच्या कॉम्प्युटरवर आणि ऑनलाइन ड्राइव्हवर. फोनची पीडीएफ वाटायला. वह्यांचा आणि छापील प्रतीचा स्कॅन वेगळा. मुखपृष्ठावर महिना आणि आवृत्ती मोठ्या अक्षरात टाकलीय, कारण जुनी पीडीएफ फिरत राहते आणि कोणाकडं कोणती आहे ते फोनवर विचारून कळलं पाहिजे. परभणीच्या प्रेसवाल्यानं नवीन आवृत्ती छापायची तयारी दाखवलीय, तो आता इनडिझाइन ह्या पानं मांडायच्या नव्या प्रोग्रामवर काम करतो, त्याला युनिकोड मजकूर सरळ चालतो, परत टायपिंगचा खर्च नाही. आवाजी मेसेजमधून आलेल्या वेगळ्या ओळी गुरुजी वहीत उतरवून घ्यायलेत, त्या पुढच्या आवृत्तीत मूळ ओवीच्या खाली पाठभेद म्हणून जातील, सांगणारीनं हो म्हणलं तर नावासकट.